पंप बदलायच्या आधी मीटर लावा: स्कूटरचा फ्युएल पंप घरी तपासायची पद्धत

मागच्या जुलैत ठाण्याहून घरी येताना विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली नेहमीप्रमाणे पाणी साचलेलं, आमची १२५ सीसी स्कूटर त्यातून हळूहळू काढली, दिघा ऐरोली सगळं नीट पार पडलं आणि रबाळ्याला गाडीने खोकायला सुरुवात केली. सेल मारला की चालू व्हायची, ॲक्सिलरेटर जरा पिळला की फुस्स. शेवटी मित्राने मागून पाय लावून टोचन करत कोपरखैरण्यापर्यंत आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे नेली, त्याने डिकीला कान लावला, दोनदा चावी फिरवली आणि निकाल देऊन टाकला, "पंप गेला साहेब, पूर्ण असेंब्ली लागणार, चार हजार धरून चला." व्होल्टेज मोजायचा मीटर नाही, प्रेशर गेज नाही, काही नाही. मी म्हटलं बघतो आणि गाडी ढकलत परत पार्किंगमध्ये आणली. पंप ठणठणीत होता हे नंतर कळलं, खरा दोष काय निघाला ते ओघात येईलच.

आधी हा पंप करतो काय ते थोडक्यात, कारण ते डोक्यात नसेल तर तपासताना नुसती वायरींची ओढाताण होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि कार्ब्युरेटर जाऊन जवळजवळ सगळ्या स्कूटर-बाईकमध्ये फ्युएल इंजेक्शन (एफआय) आलं. कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसतं वरून खाली आलं तरी चालायचं, इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला मात्र ते प्रेशरने लागतं. म्हणून टाकीच्या आत एक छोटी मोटर, तिच्या तोंडाशी बारीक जाळी, सोबत फिल्टर आणि प्रेशर रेग्युलेटर, असं सगळं एकाच भांड्यात बसवलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत फ्युएल गेजचा फ्लोटपण त्यालाच जोडलेला असतो. ही मोटर पेट्रोलमध्ये बुडूनच चालते, पेट्रोल तिला थंडही ठेवतं आणि वंगणही देतं. त्यामुळे कायम रिझर्व्हवर गाडी हाकणाऱ्यांचे पंप लवकर जातात. आमच्या शेजारचे काका महिना महिना शंभर रुपयांच्या वर पेट्रोल टाकत नाहीत, त्यांचा दुसरा पंप चालू आहे.

आधी कान लावा

चावी ऑन करा, सेल मारू नका. बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेकंद "झूंऽऽ" असा बारीक आवाज येतो आणि थांबतो. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, पेट्रोलच्या लाईनमध्ये प्रेशर भरून घेतो, त्याचा तो आवाज. भर दुपारी सोसायटीच्या गेटपाशी हे ऐकू येणार नाही, रात्री पार्किंग शांत झाल्यावर किंवा सकाळी दूधवाल्याच्या वेळेला करा.

आवाज नाही आला म्हणून लगेच पंपाला दोष देऊ नका. किल स्विच असेल तर तो बघा, साईड स्टँड वर आहे का बघा, गाडी पडली होती का आठवा (आडवी पडली की टिल्ट सेन्सर पंप बंद करतो, अशा वेळी गाडी सरळ उभी करून चावी एकदा ऑफ-ऑन करावी लागते). मग डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनाचा दिवा बघा. चावी ऑन केल्यावर तो पेटून विझत असेल तर ईसीयूला करंट मिळतोय. दिवाच पेटत नसेल तर भानगड मागे आहे, मेन फ्यूज, रिले (करंटवर चालणारा स्विच), इग्निशन स्विच यापैकी कुठेतरी, आणि तोपर्यंत टाकीकडे बघायचंसुद्धा नाही. फ्यूज नुसता डोळ्याने बघून चालत नाही, काढून मल्टीमीटरच्या बीपवर तपासा, शाबूत असेल तर बीप वाजते. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपियरचा टाका. तोही उडाला तर कुठेतरी वायर शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे. चॉकलेटच्या चांदीने फ्यूज जोडणारे महाभाग मी पाहिलेत, पेट्रोलच्या टाकीत जाणाऱ्या वायरवर असले प्रयोग नकोत.

आणि आवाज आला म्हणून पंप चांगला, असंही नाही. माझ्या गाडीत आवाज येतच होता, फक्त जरा दमल्यासारखा. फरक कळायला तुमच्या गाडीचा चांगला असतानाचा आवाज कानात बसलेला हवा, म्हणून गाडी धडधाकट आहे तेव्हाच एकदा ऐकून ठेवा.

हत्यारं, आणि पेट्रोलचं पथ्य

डिजिटल मल्टीमीटर पाहिजे, चार-पाचशेवाला घरच्या कामाला पुरतो. शिवणकामाच्या दोन टाचण्या, टेललाईटचा १२ व्होल्ट २१/५ वॅटचा एक बल्ब होल्डरसकट, कनेक्टर साफ करायचा स्प्रे, टी स्पॅनरचा सेट. प्रेशर गेज टी-जॉइंटसकट मिळालं तर सोनंच, पण ते विकत घ्यायची गरज नाही, नीट चालणाऱ्या एफआय गॅरेजकडे असतं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. त्यामुळे बेसमेंट पार्किंगमध्ये टाकी किंवा पेट्रोलची लाईन उघडायची नाही, हे काम उघड्यावर करायचं. जवळ देवाचा दिवा नको, सिगरेट नको, चार्जिंगला लावलेलं काही नको, हाताशी एक छोटं फायर एक्स्टिंग्विशर किंवा निदान वाळूची बादली ठेवा. इलेक्ट्रिकल तपासणी सगळी टाकी बंद असतानाच होते, टाकी उघडायची वेळ फार शेवटी येते, आणि बऱ्याचदा येतच नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र यातलं काहीच उघडू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.

बॅटरी

गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ च्या खाली असेल तर पहिल्यांदा चार्ज करा, बाकी सगळं नंतर. सेल मारताना व्होल्टेज ९.५ च्या खाली घसरत असेल तर पंप बिचारा काय करणार, त्याला तेव्हाच पूर्ण ताकदीने प्रेशर द्यायचं असतं. पावसाळ्यात आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांचे निम्मे "पंप गेला" हे माझ्या मते इथेच मिटतात.

खरी टेस्ट: पंप चालू असताना व्होल्टेज

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पंपाचा कनेक्टर काढून त्यात मीटरचे प्रोब घालायचे, चावी ऑन करायची, १२ व्होल्ट दिसले की म्हणायचं "करंट येतोय, म्हणजे पंप गेला". ही टेस्ट अर्धवट आहे. मल्टीमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शाबूत असेल, पिन हिरवी पडली असेल, तरी मीटर आनंदाने १२ दाखवतो. पाण्याचा पाइप चोंदलेला असताना नळ बंद ठेवून प्रेशर मोजण्यासारखं आहे ते. नळ उघडा, मग कळेल.

म्हणून कनेक्टर जोडलेलाच ठेवायचा आणि मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथून, टाचणी हळूच सरकवून पिनला टेकवायची. वायरीचं इन्सुलेशन भोसकू नका, पुढच्या पावसात तिथूनच पाणी आत शिरेल. कनेक्टरला चार-पाच वायरी असतील, त्यातल्या दोन पंपाच्या आणि बाकीच्या फ्युएल गेजच्या, रंग तुमच्या गाडीच्या वायरिंग डायग्राममध्ये बघा, अंदाजाने नको. दोन्ही टाचण्या एकमेकींना किंवा बॉडीला टेकणार नाहीत याची काळजी घ्या.

मग एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर बघायचा, कारण वेळ दोन-तीन सेकंदच मिळतो. आमच्याकडे पोरगा चावीवर होता, "बाबा, करू?" "कर." असं आठ-दहा वेळा झालं तेव्हा कुठे मला धड आकडा वाचता आला. गाडी चालू होत असेल तर आयडलिंगवरही, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता उभी चालू असताना, बघा, तेव्हा निवांत वाचता येतं.

बॅटरीवर जेवढे आहेत त्यापेक्षा अर्धा व्होल्ट कमी इथपर्यंत ठीक. माझा आकडा: बॅटरी १२.४, पंपावर ९.२. तीन व्होल्ट वाटेतच गायब. ९ व्होल्टवर मोटर फिरते, आवाजही येतो, आयडलिंगपुरतं पेट्रोलही पोचतं, पण ॲक्सिलरेटर दिला की प्रेशर टिकत नाही आणि इंजिन मान टाकतं. रबाळ्याला झालं ते हेच.

गायब झालेले व्होल्ट शोधायचे असे. मीटर डीसी व्होल्टवर, लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा प्रोब पंपाच्या प्लस पिनवरच्या टाचणीला, पंप चालू करा. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज प्लसच्या वाटेत खर्च होतंय, म्हणजे फ्यूज, रिले, स्विच, जोड यात. माझ्याकडे आलं ०.३, चालण्यासारखं. मग दुसरी बाजू, लाल प्रोब पंपाच्या मायनस पिनवर आणि काळा बॅटरीच्या मायनसवर, पंप चालू. इथे खरं तर ०.१, फार तर ०.२ यायला हवं. आलं २.९! चोर सापडला. सीटखाली चेसिसला अर्थिंगचा एक बोल्ट असतो, त्याच्या गोल टोकाखाली गंज धरून पापुद्रे सुटलेले, विटाव्याच्या पाण्याने शेवटचा धक्का दिला एवढंच, रोग जुनाच होता.

एक लक्षात ठेवा, काही गाड्यांत ईसीयू किंवा रिले पंपाचा प्लस चालू-बंद करतो, काहींत प्लस कायम असतो आणि ईसीयू मायनस कंट्रोल करतो. दुसऱ्या प्रकारात पंप बंद असताना मायनसच्या बाजूला १२ व्होल्ट दिसले म्हणून घाबरू नका, आकडा पंप चालू असतानाचाच घ्यायचा.

मागून टाचणी जाण्यासारखा कनेक्टर नसेल (काही वॉटरप्रूफ कनेक्टर पूर्ण रबराने भरलेले असतात) तर बल्बची युक्ती करा. पंपाचा कनेक्टर काढा, वायरिंगच्या बाजूला त्याच दोन पिनांवर २१ वॅटच्या फिलामेंटचा बल्ब जोडा, टाकीपासून हातभर लांब धरा. २१ वॅट म्हणजे पावणेदोन अँपियर, छोट्या पंपाच्या ओढीच्या जवळपास. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग भार झेलतंय. मिणमिणला तर वायरिंगमध्ये दोष. ज्यांना मीटर वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी ही टेस्ट झकास.

बल्ब लख्ख पेटतो आणि कनेक्टर जोडल्यावर पंप मात्र ढिम्म, असं असेल तर आता कुठे पंपावर संशय घ्यायला हरकत नाही. खात्रीसाठी ५ अँपियरचा फ्यूज आणि स्विच लावलेली वायर करून बॅटरीवरून पंपाला थेट करंट देता येतो. पंप टाकीत बसलेलाच, टाकी बंद, आत पेट्रोल, प्लस-मायनस दोनदा तपासलेले, आधी पंपाकडची टोकं जोडायची आणि स्विच टाकीपासून लांब दाबायचा, दोन-तीन सेकंद बास. कोरडा पंप टेबलावर घेऊन "फिरतोय का बघू" हा प्रकार करू नका, मोटर आतून घासते आणि ठिणगीचा धोका वेगळाच. ओम (रेझिस्टन्स) मोजूनही फार काही कळत नाही, मोटरच्या आतला ब्रश ज्या जागेवर असेल तसा आकडा बदलतो, एकदम ओपन, म्हणजे आत जोडच नाही असं दाखवलं तरच त्याला अर्थ.

प्रेशर

व्होल्टेज ठीक, आवाज ठीक, तरी गाडी ओढत नाही, तेव्हा गेज. लाईन सोडवायच्या आधी तिच्यातलं प्रेशर उतरवा: पंपाचा कनेक्टर काढून गाडी चालू करा, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग दोन-तीन सेकंद अजून सेल मारा. बॅटरीचा मायनस काढा. जॉइंटभोवती जुनं फडकं गुंडाळूनच क्विक कनेक्टर दाबा, कारण तरीही थोडं पेट्रोल उडतंच, आणि चष्मा घाला. ते प्लास्टिकचं लॉक स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं की तुटतं, बोटांनी दाबून निघतं, जरा धीर धरा.

टी-जॉइंटवर गेज बसवून, बॅटरी आणि कनेक्टर परत जोडून चावी ऑन करा. किती यायला हवं ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत ते २९४ किलोपास्कल म्हणजे सुमारे ४३ पीएसआय असतं, आणि छोट्या गाड्या बहुतेक याच्याच आगेमागे असतात. आयडलिंगवर आणि ॲक्सिलरेटर झटकन दिल्यावर काटा फारसा हलता कामा नये. कमी येत असेल तर जाळी चोंदलेली, फिल्टर भरलेला, टाकीच्या आतली छोटी नळी चिरलेली, रेग्युलेटर ढिला किंवा मोटर दमलेली. जास्त येत असेल तर रेग्युलेटर अडकलाय.

चावी बंद केल्यावर काटा काही मिनिटं तरी टिकला पाहिजे. धाडकन शून्यावर येत असेल तर पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय किंवा इंजेक्टर. घरी गेज नसलं तरी याची एक खूण आहे, सकाळी गाडी खूप सेल खाते, पण चावी तीन-चार वेळा नुसती ऑन-ऑफ करून मग सेल मारला की लगेच चालू होते. म्हणजे प्रेशर रात्रीत उतरतंय आणि प्रत्येक ऑनला थोडं थोडं भरतंय.

नळी बाटलीत सोडून किती मिली पेट्रोल येतं ते मोजायची टेस्टही असते, पण पार्किंगमध्ये पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोलची धार सोडणं मला पटत नाही. ती गॅरेजवाल्याला करू द्या.

टाकी उघडायची वेळ आलीच तर

पेट्रोल पाव टाकीच्या खाली आल्यावरच हात घाला. पंपाच्या झाकणाभोवतीची माती आधी ब्रशने आणि ओल्या फडक्याने साफ करा, आपल्याकडे जिथे बघावं तिथे बांधकाम चालू, घोडबंदर रोडला रोज जाणाऱ्या गाडीवर तर सिमेंटचा थरच असतो, तो टाकीत पडला की नवीन जाळीही महिन्यात चोंदते. मग प्रेशर उतरवा, बॅटरीचा मायनस काढा. नट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. पंप सरळ वर ओढू नका, फ्लोटची काडी अडकते आणि वाकली की पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलतो. तिरका करत, वळवत काढायचा, आणि काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, पण फोटो टाकी उघडायच्या आधी काढा आणि मोबाईल लांब ठेवून या.

जाळीवर काय आहे ते नीट बघा. तपकिरी भुकटी म्हणजे टाकीला आतून गंज, नुसती जाळी बदलून उपयोग नाही, टाकी धुवावी लागेल. काळा रबरी चिकटा म्हणजे नळी किंवा सील विरघळतंय. टाकीच्या तळाशी वेगळा थर दिसतोय, गढूळ, तर पाणी.

या पाण्याबद्दल जरा बोलतो. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल म्हणजे ई २०, २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, थोडं असेल तोवर ते पेट्रोलमध्ये मिसळून जळूनही जातं, पण पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर करतात, आणि पंपाची जाळी नेमकी तळाशीच. झाकणाचं रबर कडक झालेलं असतं, गाडी उघड्यावर उभी, वरून चार महिने आपला पाऊस, पाणी आत जायला वेळ लागत नाही. बघायचं असेल तर तळातलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत घेऊन अर्धा तास सावलीत, उघड्यावर, झाकण लावून ठेवा. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायची, वरून नवीन पेट्रोल टाकून "पातळ करू" म्हणणं म्हणजे रोग झाकणं. तो काढलेला माल गटारात ओतू नका, गॅरेजवाल्याला द्या.

जाळी वेगळी मिळत असेल तर नवीनच टाका. धुवायचीच असेल तर स्वच्छ पेट्रोलमध्ये हलवून, ब्रश घासून नाही, भोकं मोठी होतात. कॉम्प्रेसरची हवा पंपाच्या तोंडात मारू नका. झाकणाखालची रबर रिंग दर वेळी नवीन, तिला गॅस्केटचा गम लावायचा नाही, पेट्रोलने तो विरघळतो आणि मग तोच जाळीत. जुनी रिंग पेट्रोलने फुगलेली असते, परत खाचेत बसत नाही, ओढून बसवली तर भरलेल्या टाकीला घाम फुटतो. नट समोरासमोर, थोडे थोडे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकेच (जोराइतकेच) आवळा.

सगळं जोडल्यावर सेल मारायची घाई नको. चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ, प्रत्येक वेळी आवाज थांबू द्या, मग खाली वाकून नाकाने आणि बोटाने प्रत्येक जॉइंट तपासा. ओलं लागलं तर थांबा.

पंप खरंच गेला असेल तर पूर्ण असेंब्ली घ्यायची की नुसती आतली मोटर, हा प्रश्न येतो. नुसती मोटर बरीच स्वस्त पडते आणि फिल्टर, रेग्युलेटर चांगले असतील तर चालते, पण ती तुमच्या मॉडेलचीच हवी, "सगळ्याला बसते" म्हणून गल्ल्यावरून काढून दिलेली नको. आणि जुना पार्ट मागून घ्या. खोललेला दिसला की गॅरेजवाल्याने खरंच काय बदललं ते कळतं.

माझ्या गाडीचं म्हणाल तर अर्थिंगचा बोल्ट काढला, पॉलिश पेपरने चेसिसची जागा चकचकीत केली, तारेचं टोक कापून नवीन लग (बोल्टखाली बसणारं गोल टोक) दाबून बसवला, वरून थोडं पेट्रोलियम जेली फासलं. खर्च लगचे दहा रुपये. परत मोजलं, पोरगा चावीवर, मायनसच्या बाजूला ०.०८, पंपावर १२.०. तो आकडा आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून सीटच्या खालच्या बाजूला चिकटवलीय, पुढच्या जूनमध्ये पावसाच्या आधी परत मोजेन तेव्हा शेजारी नवीन आकडा लिहायला जागा ठेवून.